पात्याचं पोट

आमच्या सरांना स्केटिंग येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मागाहून कुठून तरी कळतं आणि लोकांना फसवल्यासारखं वाटतं. चाकांवर येत नव्हतं, बर्फावर येत नव्हतं. पायात स्केट त्यांनी एकदाच घातला, तोही खुर्चीत बसून, बकल कुठे रुततं ते बघायला. तरी सात वर्षं त्यांनी मला स्पीड स्केटिंग शिकवलं. दहावीच्या वर्षी मी माझे स्केट गोणपाटात बांधून माळ्यावर टाकले होते आणि पुन्हा तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. ते खाली उतरले ते सरांमुळे. आणि माळ्यावर गेले होते तेसुद्धा सरांमुळेच, पण ते सांगायला जरा वेळ लागेल.

ते भोसरीला एका कंपनीत टूल रूममध्ये होते. टूल रूम म्हणजे जिथे बाकीच्या कंपनीसाठी साचे आणि हत्यारं घडतात ती खोली. तिथल्या माणसांना आपण इतरांपेक्षा एक पायरी वर आहोत असं वाटतं, सरांना दोन पायऱ्या वाटायचं. रिंकवर यायचे ते कंपनीचा करडा शर्ट, सेफ्टी शूज आणि खिशात सहा इंची स्टीलची पट्टी अशा अवतारात. थर्ड शिफ्ट संपवून थेट आमच्याकडे. डोळे लाल, दाढी वाढलेली, पट्टी मात्र चकचकीत. मूळचे मोशीचे, त्यामुळे घरची भाषा गावची आणि कामाची भाषा कंपनीची, आमच्या वाट्याला दोन्हींची मिसळ यायची. पहिल्या दिवशी मला दोन फेऱ्या मारायला लावून आईला म्हणाले, "ताई, मटेरियल चांगलं हाय. जरा मशिनिंग बाकी हाय." आई घरी येऊन दिवसभर विचार करत होती की हे कौतुक होतं की तक्रार.

पडलेलं पोर त्यांच्या लेखी 'रिवर्क'ला गेलेलं असायचं. ताप आलेलं पोर 'होल्ड'वर. एखाद्यानं सलग दहा फेऱ्या न चुकता मारल्या की ते हात मागे बांधून एवढंच म्हणायचे, "ओके हाय. घ्या पुढं." हे ओके मिळावं म्हणून आम्ही जीव टाकायचो. माझ्या वाट्याला वर्षातून चार-पाच यायचे, आणि ते कधी मिळाले हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचे. हसू नका, अकरा वर्षांची होते.

या खेळात ते शिरले कसे, तर त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या कुणाच्या तरी मुलीच्या स्केटची पट्टी वाकली होती. चाकं ज्या पट्टीत बसतात ती. त्यानं ती लंच टायमात सरांना दाखवली. सरांनी ती सरळ करून दिली, आणि गुरुवारी (आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही) आपण केलेला जॉब चालतो की नाही ते बघायला रिंकवर गेले. जॉब चालला. पण सरांचं लक्ष पोरांच्या गुडघ्यांकडे गेलं. म्हणे, सगळ्यांचा अँगल वेगळा होता. बारा पोरं आणि बारा अँगल. ते त्यांच्या डोक्यातून जाईना. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा गेले, त्याच्या पुढच्या गुरुवारी शिट्टी घेऊन गेले. आधीचे कोच नाशिकला गेल्यावर मुलांना सरांशिवाय कुणी उरलंच नाही. तोवर त्यांनी मोबाइलवर परदेशी शर्यती इतक्या वेळा, इतक्या हळू करून बघितल्या होत्या की कुठल्या देशाचा खेळाडू कितव्या पावलाला खांदा टाकतो हे ते सांगू शकायचे.

'अंदाजे' या शब्दावर त्यांचा राग होता. 'साधारण', 'जवळपास', 'असेल' हे त्याचे भाऊबंद. "किती फेऱ्या झाल्या?" "सर, साधारण वीस." "मग अजून दोन मार, म्हंजी साधारण बावीस होतील." आम्ही शहाणे झालो आणि मोजायला लागलो. पण सवय घरापर्यंत गेली. एकदा मावशीनं फोनवर विचारलं, किती वाजेपर्यंत येशील, तर मी म्हणाले सहा सत्तावीस. मावशी अजून ते सगळ्यांना सांगते.

बेअरिंग ते कानानं तपासायचे. चाक कानाजवळ धरून गर्रकन फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वाळू." मग ते बेअरिंग त्यांच्या घरी पेट्रोलात धुतलं जायचं, आणि त्यासाठी चहाची गाळणी लागायची. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, गाळण्यांना नेलपॉलिशनं खुणा करून ठेवल्या होत्या. लाल खुणेची चहाची, बिनखुणेची बेअरिंगची. एवढं करूनही एकदा पाहुण्यांच्या चहाला पेट्रोलचा वास आलाच. काकू मला म्हणाल्या, "तुमचे सर मला बघायला आले होते ना, तेव्हाही त्यांनी आधी दाराची बिजागरी हलवून बघितली होती. तेव्हाच मी समजायला हवं होतं." असं म्हणून त्यांनी मला लाडू दिला. त्या बोलायच्या तिखट आणि द्यायच्या गोड.

आता कुणी विचारेल की ज्याला येत नाही तो शिकवणार कसा. वळणाचंच सांगते. स्पीड स्केटिंगमध्ये सरळ रेषेत कुणीही पळतं, माणूस कळतो तो वळणावर. अंग पूर्ण डावीकडे झोकून द्यायचं असतं, इतकं की पडणारच असं वाटतं, आणि उजवा पाय डाव्यावरून टाकायचा असतो. सरांना हे करून दाखवता येत नव्हतं. मग त्यांनी भंगारातून गाडीचे सीटबेल्ट आणले. एक टोक आमच्या कमरेला, दुसरं त्यांच्या हाताला. "झोक अंग. मी धरलंय." आम्ही झोकायचो आणि ते सेफ्टी शूज जमिनीत रोवून आमचं वजन तोलून धरायचे. चाळीस पोरांची चाळीस वजनं त्या हातानं धरली असतील. कधी सुटलं नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवायला शिकले ती तिथेच, आणि म्हणून पुढचं जास्त लागलं.

बर्फाचं वेड त्यांना कधीपासून होतं ते देव जाणे. इथे बर्फ म्हणजे रसवंतीवरचा. पण कुदळवाडीच्या भंगारात एके दिवशी त्यांना बर्फावरच्या स्केटचा एक जोड सापडला. चाकणला कामाला आलेल्या कुणा कोरियन साहेबाचं कुटुंब मायदेशी परतताना घरातलं सामान टाकून गेलं होतं, त्यातला. काळे बूट, आणि खाली हातभर लांब पातं, बोटाच्या नखाएवढंही जाड नाही. पात्यावर गंजाचे ठिपके. सरांनी तो जोड घरी आणला आणि त्याची अशी सेवा सुरू केली की काकू त्याला 'धाकटा' म्हणायला लागल्या. दर गुरुवारी पातं पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं आणि काकूंच्या जुन्या सुती साडीच्या पट्टीत गुंडाळून ठेवायचं. दोन वर्षं. बर्फ बाराशे मैलांवर, आणि इथे पातं रोजच्या वापरातल्यासारखं तयार.

आमच्यासाठी त्यांनी आपल्या घरच्या हॉलमध्ये पांढऱ्या सनमायकाची फळी टाकली, दोन्ही टोकांना लाकडी अडसर. पायात मोजे घालून तिच्यावर या टोकाकडून त्या टोकाला घसरायचं. हा आमचा बर्फ. मी आणि सई त्यावर तासन्‌तास घसरायचो. सई माझी जोडीदार, ताथवड्याला राहायची, तिचे बाबा हिंजवडीला आयटीत. बाबा हुशार, शिस्तीचे, आणि सरांच्या पट्टीकडे जरा हसून बघणारे.

मी नववीत होते तेव्हा आमच्या गटातून दोघींची निवड झाली, बर्फावरच्या देशपातळीच्या स्पर्धेला, उत्तरेकडच्या एका डोंगरातल्या गावी. सईला तिच्या बाबांनी नवाकोरा जोड मागवून दिला. माझे वडील प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात त्या खात्यात. त्यांनी काही बोलायच्या आतच सरांनी 'धाकटा' माझ्यापुढे ठेवला. दोन मोजे घातल्यावर तो मला बरोबर बसला.

आणि मग सरांनी ते काम केलं. पात्यावर गंजाचे खड्डे होते, ते काढायला हवे होते. सईचं पातं नवीन, त्याला त्यांनी फक्त बारीक दगडानं कडेची बर काढून दिली. बर म्हणजे धातू घासला की कडेला उभा राहतो तो केसासारखा कण. माझं पातं मात्र ते टूल रूममध्ये घेऊन गेले. मशीनवर धरून ठेवायला त्यांनी खास साचा बनवला. डायल, म्हणजे केसाएवढा उंचसखलपणा दाखवणारा काटा, लावून बघितलं तर पात्याची खालची कड सपाट नव्हती, मधोमध किंचित फुगलेली, टोकांकडे उतरलेली. त्यांना वाटलं, आधीच्या मालकानं टोकं झिजवून ठेवलीत. जो माणूस तीस वर्षं सपाट म्हणजे बरोबर आणि फुगीर म्हणजे चूक असं शिकलाय, त्याला दुसरं काय वाटणार? त्यांनी तो फुगवटा घासून काढला. तो मुद्दाम ठेवलेला असतो, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मला तर नव्हतंच.

पातं घेऊन ते आमच्या घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. दोन्ही हातांवर ठेवून दिलं. "शून्य-शून्य. या टोकापासनं त्या टोकापर्यंत काटा हलत न्हाई. कंपनीतसुदीक असा जॉब निघत न्हाई पोरी." बाबांनी पातं उजेडात धरून बघितलं आणि मान डोलावली. बाबांची मान सहजी डोलत नाही. मीही बघितलं. आरशासारखं होतं. इतकं सुंदर काही आपल्यासाठी कुणी केलं नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि आजही ते खोटं नव्हतं असंच वाटतं.

रेल्वेत दोन दिवस गेले. पात्यांचा डबा सरांनी बाकाखाली ठेवू दिला नाही, मांडीवर घेऊन बसले. तिथे पोहोचल्यावर, कानटोपी घातलेले सर बर्फाच्या काठाशी उकिडवे बसले, तळहात टेकवला, मग खिशातली पट्टी काढून बर्फावर आडवी ठेवली आणि खाली डोळा लावून बघितलं. "फ्लॅट हाय," असं मोठ्या समाधानानं म्हणाले. सईचे बाबा आमच्याबरोबर आले होते. त्यांनी फोटो काढला.

सरावाला मी उतरले. सरळ रेषेत काय सांगू, वारं होतं. असं कधी पळालेच नव्हते. आणि वळण आलं. मी अंग झोकलं, पाय टाकला, आणि पातं सरळच गेलं. मी पोटावर घसरत कडेच्या गाद्यांवर. उठले, पुन्हा तेच. काठाशी येऊन म्हणाले, "सर, वळत नाहीये."

"गुडघा वाकव."

वाकवला. पुन्हा गाद्या. "सर, पाय वळतोय, पातं वळत नाहीये."

"पातं शून्य-शून्य हाय. पात्याला नाव ठिवू नको."

तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मला रडू यायला लागलं होतं. सर काठावर ओणवे झाले आणि शांतपणे म्हणाले, "पोरी, तू घाबरतीस. बर्फ बघून घाबरलीस. त्याला माझ्याकडं औषध न्हाई." रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. पाच वर्षं ज्यांच्या हातावर वजन टाकलं त्यांनी शांतपणे सांगितलं की तू घाबरट आहेस, तर पोरीनं काय समजायचं? मी समजले की मी घाबरट आहे.

शर्यतीत पहिल्याच वळणावर गाद्यांवर गेले. पहिल्याच वळणावर कुणी पडलं तर शर्यत थांबवून पुन्हा सुरू करतात, तशी केली, आणि मी पुन्हा त्याच वळणावर गेले. माझ्या मागची मुलगी माझ्यामुळे पडली आणि तिच्या आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नको आठवायला. सई उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. आम्ही परत येईपर्यंत 'ती घाबरली' ही बातमी पिंपरीत आमच्या आधी पोहोचली होती. रिंकवरच्या आया माझ्याशी एकदम मऊ बोलायला लागल्या. त्याहून वाईट काही नसतं. आठ दिवसांनी मी चाकांवरसुद्धा वळणाआधी कचरायला लागले. जे खोटं होतं ते खरं व्हायला लागलं. मग एका संध्याकाळी स्केट गोणपाटात बांधले. बाबा म्हणाले, "काय करायलीस?" मी म्हणाले, "दहावी आहे." त्यांनी माळ्यावर चढून गाठोडं ठेवायला मदत केली.

दोन महिने मी रिंकवर गेले नाही. शाळेत कुणी खेळाचं विचारलं तर विषय बदलायचे. जिन्यावरून उतरताना कठडा धरायला लागले होते, इतकं ते आत गेलं होतं.

त्याच सुमारास पालकांची बैठक ठरली. सईच्या बाबांचं म्हणणं होतं की आता नीट शिकलेला, स्वतः खेळलेला कोच आणावा. चुकीचं नव्हतं ते, उगाच त्यांना खलनायक करायला नको. गुरुवारी संध्याकाळी रिंकच्या पायऱ्यांवर सगळे जमले. सरांनी बाबांना निरोप पाठवला होता, पोरीला घेऊन या. मला जायचं नव्हतं. बाबा म्हणाले, "बोलावलंय तर जाऊ. बसून येऊ."

सर आले. पहिल्यांदाच मी त्यांना कंपनीच्या शर्टाशिवाय बघत होते, पांढऱ्या सदऱ्यात ते कुणाच्या तरी लग्नाला आल्यासारखे अवघडलेले दिसत होते. हातात पात्यांचा डबा.

"माझं पाच मिनिटं ऐका. मंग काय ठरवायचं ते ठरवा," म्हणाले. त्यांनी सईचं पातं काढलं, माझं काढलं, दोन्हींच्या कडा एकमेकींना टेकवल्या आणि आभाळाकडे धरल्या. मावळतीचा उजेड होता. "ह्ये बघा. मधी टेकलंय, दोन्ही टोकांना उजेड दिसतोय. ह्ये सईचं, कारखान्यातनं आलंय तसं. ह्याला पोट हाय. आन् ह्ये आमच्या पोरीचं, ह्याला न्हाई. मी काढलं."

सगळ्यांनी एकेक करून उजेड बघितला.

"बर्फावर वळायला त्ये पोट लागतं. पातं त्याच्यावर फिरतं. सपाट पातं फकस्त सरळ जातं. परवा दोन्ही पाती पुसताना शेजारी धरली तवा मला दिसलं. मंग इचारून घेतलं, वाचलं, खात्री केली." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, बाबांकडे बघितलं. "ही पोरगी मला तीनदा म्हणाली, पातं वळत न्हाई. मी ऐकलं न्हाई. मी तिला घाबरट म्हणलो. घाबरट न्हवती ती. जॉब चुकला हुता, आन् मी चुकवला हुता."

कुणाला काही कळलं नव्हतं, कळलंही नसतं. ते पातं कडेला ठेवून त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर आज मी जिन्याचा कठडा धरून चालणारी बाई झाले असते.

सईच्या बाबांनी हळूच विचारलं, "सर, तुम्ही स्वतः कधी बर्फावर उभे राहिलात?"

"न्हाई."

"आणि चाकांवर?"

"न्हाई."

आम्ही मुलं जमिनीकडे बघायला लागलो. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते घरी लपवलं होतं.

तेव्हा माझे बाबा उठले. बाबा लातूरकडचे, बैठकीत बोलणारे नव्हेत. "मी अठरा वर्षं प्रेस शॉपमधी काम करायलाव. पार्ट रिजेक्ट झाला की लाइनवर सगळे एकमेकाकडं बघत्यात, आन् ज्यानं केला तो पाणी प्यायला गेलेला असतो. न विचारता पुढं येऊन मी केलं म्हणणारा माणूस मी बघितला नव्हता." मग सरांकडे वळून म्हणाले, "पर सर, माझ्या लेकरानं दोन महिने धड जेवण केलं नाही."

"व्हय," सर म्हणाले. माफी मागितली नाही, कारण दिलं नाही. तसेच उभे राहिले.

मला काय वाटलं ते खरं सांगते. आधी राग आला, इतका की ते पातं घेऊन नाल्यात फेकावंसं वाटलं. माझी एकच संधी, माझे दोन महिने, आणि हा माणूस सांगतो आहे जॉब चुकला. आणि त्याच क्षणी छातीवरचं काहीतरी उतरलं. मी घाबरट नव्हते. माझा पाय वळला होता. मी सांगत होते ते बरोबर होतं, मी एकटीच बरोबर होते. मी तिथेच मोठमोठ्यानं रडायला लागले, आणि सईनं मला पाणी दिलं.

पुढचं इथेच सांगून टाकते. नवीन कोच आले, चांगला माणूस होता, संध्याकाळची मुलं त्यांच्याकडे गेली, सईसुद्धा. सकाळची पाच-सहा जणं सरांकडे राहिली. दुसऱ्या दिवशी बाबांनी न सांगता गाठोडं खाली काढून ठेवलं होतं, त्या पाच-सहांत मी होते. पुढच्या वर्षी मी बर्फावर अंतिम फेरीत गेले आणि पाचवी आले. पदक नाही. पण एकही वळण चुकलं नाही. सर आता निवृत्त झालेत, मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, लोकांचे जॉब तपासते आणि शिव्या खाते.

पण मला सांगायचं आहे ते त्या बैठकीनंतरच्या शनिवारचं. सरांनी दुपारी साडेचारला घरी बोलावलं होतं. गॅलरीत सतरंजी टाकलेली, माझी दोन्ही पाती उलटी करून लाकडी चौकटीत अडकवलेली, शेजारी दगड आणि तेल. सईनं आपलं एक पातं दोन दिवसांसाठी दिलं होतं, ताडून बघायला.

"पोट परत आणायचं," सर म्हणाले. "मशीनवर न्हाई, हातानं. टोकांकडनं थोडं थोडं काढायचं. पर किती काढायचं त्ये मी ठरवणार न्हाई. तू बस हितं. तू थांब म्हणशील तवा थांबंन."

"मला काय कळतं त्यातलं?"

"त्या दिशी तुलाच कळत हुतं."

ते घासायला लागले, दगड दोन्ही पात्यांवरून एकदम फिरवत. दहा हात मारायचे, एक पातं चौकटीतून सोडवायचे, पुसून माझ्याकडे द्यायचे. मी ते सईच्या पात्याला शेजारी चिकटवून, दोन्ही कडा एकाच बाजूला ठेवून उजेडात धरायचे, आणि टोकांना माझं पातं बाहेर आलेलं दिसायचं. "अजून," म्हणायचे. पुन्हा दहा हात. काकूंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. खालच्या रस्त्यावरून फर्स्ट शिफ्टच्या बसा गेल्या, सेकंड शिफ्टचे डबेवाले गेले. सरांच्या कपाळावरून घाम पात्यावर पडायचा, तो ते पुसायचे आणि पुन्हा दहा हात. मी तीस-पस्तीस वेळा 'अजून' म्हणाले असेन. एकदाही त्यांनी स्वतः डोळा लावला नाही, एकदाही 'बास की आता' म्हणाले नाहीत.

मग एकदा मी सईचं आणि माझं पातं शेजारी धरलं आणि माझं कुठेच बाहेर आलेलं दिसलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही कडा एकच, सुईच्या टोकाएवढाही फरक नाही. मी पातं फिरवलं, पुन्हा बघितलं.

"थांबा," म्हणाले.

त्यांनी दगड खाली ठेवला. पातं माझ्या हातातून घेतलं, तेलाचं बोट फिरवलं आणि कापडात गुंडाळायला लागले. काकू दारात उभ्या होत्या. त्यांना नवऱ्याचा स्वभाव पुरता ठाऊक होता. "अहो, न तपासताच बांधायला लागलात?" त्यांनी विचारलं.

"तिनं बघितलंय," सर म्हणाले, आणि दुसरं पातं पुसायला घेतलं.